ताईचं तेल तपासायचं नाही

सोमवार, जेवणाची सुट्टी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. मी इकडे ठीक आहे, तूही ठीक असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पद्धतीच्या पुढे जायला जरा वेळ लागेल. हात दुखताहेत, पाठ दुखतेय आणि डोकं गेल्या आठवड्यापासून रजेवर आहे. आमच्या गाडीवाल्याच्या, म्हणजे रेडिओच्या हाती, तुझ्या रिकाम्या ड्रमबरोबर हे पत्र पाठवणार आहे. फोन तर तू उचलत नाहीस. खानावळ सोडून मी या कारखान्यात आले तेव्हा "तुला माझ्या कढईची लाज वाटते," असं म्हणून तू तोंड फिरवलंस. तेव्हापासून आपल्या दोघींमध्ये ये-जा करणारी एकच गोष्ट उरली आहे, दर मंगळवारी येणारा तुझ्या वापरलेल्या तेलाचा ड्रम.

मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. ती विचारायचा धीर होईपर्यंत कारखान्याच्या बातम्या वाच.

तू कधी आत येऊन पाहिलं नाहीस. दारापर्यंतसुद्धा आली नाहीस. "लोक तेलात तळतात, माझी बहीण तेल धुवायला चालली," असं मात्र चारचौघांत सांगितलंस. तर तसं ते धुणंच आहे बाई. हॉटेलांमधलं जळकं तेल येतं, खाटकांकडची चरबी येते. ते सगळं वितळवायचं, गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं. मग बाटलीत थोडंसं घेऊन किती आंबलंय ते बघायचं, कारण जितकं आंबलेलं तेल तितका कॉस्टिक सोडा जास्त. ते कॉस्टिक मिथेनॉलमध्ये विरघळवून तेलात घालायचं आणि मोठ्या टाकीत कोमट ठेवून ढवळत राहायचं. मग ढवळणं थांबवायचं आणि वाट बघायची. खाली काळपट ग्लिसरीन बसतं, वर सोनेरी डिझेल तरंगतं. ते धुऊन, वाळवून बसगाड्यांच्या टाकीत जातं. तुझ्या कढईवर बस धावते, आणि तू म्हणतेस मला तिची लाज वाटते!

तेल जास्त आंबलेलं असलं किंवा त्यात पाणी राहिलं की डिझेल होत नाही, साबण होतो. आमच्याकडे याच्यासारखी दुसरी नामुष्की नाही.

आता बातमी. गेल्या आठवड्यात माझ्या टाकीत साबण झाला.

थोडाथोडका नाही. टाकीभर घट्ट, पिवळट खळ. पंप तुंबला, नळ्या तुंबल्या. पंपवाले काका, मी आणि आणखी एक जण, असे आम्ही गरम पाणी ओतून ओतून बादल्यांनी ते बाहेर काढत होतो. दोन दिवस हेच चाललं. काका म्हणाले, "चला, निदान आंघोळीची तरी सोय झाली." हसायचं त्राण कुणातच नव्हतं. माझ्या बोटांची सालं निघालीत. साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? मी म्हटलं, कॉस्टिक मोजताना माझं लक्ष नव्हतं. त्यांनी मला तपासणीवरून काढून टाक्या घासायला लावलंय. आणखी एकदा असं झालं तर घरीच बस म्हणाले.

खरं सांगू का? कॉस्टिक मी अगदी बरोबर मोजलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. ती मीच पाडली, आणि आता सगळा कारखाना पाळतो. ताईचं तेल तपासायचं नाही. पहिल्या दिवसापासून तुझा ड्रम आला की झाकणावर स्वच्छ फडकं, त्याला आईची ती दुहेरी गाठ, आणि आत एवढं निर्मळ तेल, की काका म्हणायचे, हिच्याकडे तळतात की नुसतं तेल दाखवतात? बाकीचं तेल फार आंबलेलं निघालं की ते सुधारायला आम्ही शेवटी तुझं तेल मिसळतो. वाळवतही नाही, डोळे झाकून ओततो. त्या दिवशीही तसंच ओतलं. गेल्या तीन-चार खेपांना ड्रमवर फडकं नव्हतं. मला ते दिसलं होतं. घाईत बांधायचं राहत असेल, म्हटलं.

साबण झाल्यावर ड्रमाच्या तळाशी उरलेलं तेल मी गुपचूप बाटलीत घेतलं आणि तपासलं. काळंकुट्ट. इतकं आंबलेलं, की खाटकाची चरबीही त्यापुढे ताजी वाटावी. खाली पाणी, त्यात भांड्यांचं खरकटं. कुणीतरी कढई विसळून ते पाणी ड्रमात ओतलं होतं. ताई, तू नाकावर माशी बसू देत नाहीस. तेलाचा रंग जरा उतरला की तू कढई खाली घेतेस, मग गिऱ्हाईक रांगेत का असेना. हे तेल तुझ्या हातचं नाही.

मी साहेबांना हे सांगितलं नाही, कारण ज्याचं तेल असं निघतं त्याच्या नावावर लाल पट्टी मारतात आणि गाडी तिकडे जाणं बंद होतं. मग तुझ्याकडून माझ्याकडे काय येणार? म्हणून खोटं बोलले. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते वेगळंच.

रेडिओला विचारलं. त्याला रेडिओ म्हणतात कारण तो गाडीचं इंजिन बंद करतो पण तोंड नाही. कुणाच्या सुनेचं काय बिनसलं इथपासून सगळं सांगतो. "ताईंकडे सगळं बरं आहे ना?" म्हटलं तर म्हणाला, "हो," आणि टायर बघायला गेला. रेडिओ आणि एका शब्दावर थांबतो? कुठेतरी पाणी मुरतंय.

तर विचारायचं होतं ते हे. ताई, तुझ्या कढईवर कोण उभं आहे? आणि तू कुठे आहेस?

घंटा झाली. उरलेलं उद्या.

मंगळवार

आज तुझा ड्रम आला.

मी दारातच उभी होते. रेडिओने तो खाली उतरवला आणि माझ्याकडे न बघता बाजूला झाला. ड्रमवर फडकं होतं. गाठ होती. पण ती आईची गाठ नव्हती, नुसता गुंता होता. एक टोक आखूड, एक लांब, आणि लांब टोकावर दातांच्या खुणा, कापड चावून ओढल्यासारख्या. गाठ दातांनी कोण ओढतं ग? ज्याचा एकच हात चालतो तो.

मी रेडिओची कॉलर धरली. हसू नकोस, खरंच धरली. मग तो बोलला.

"त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय हो. महिना होऊन गेला. दाराशी खुर्ची टाकून बसतात. बोलणं थोडं अडखळतं. दहा-बारा दिवसांपूर्वी नवा स्वयंपाकी ठेवलाय, तो तेल काळं होईस्तोवर तळतो आणि ह्या ओरडल्या तरी ऐकत नाही. मला शपथ घातली होती, धाकटीला सांगायचं नाही म्हणून. तीन-चार दिवसांपूर्वी तिकडून जाताना मीच बोलून गेलो, की तुमच्या त्या काळ्या तेलाने तिकडे साबण झाला आणि धाकटीने स्वतःवर घेतलं. तर त्या रडल्या. आज सकाळी गेलो तर स्वयंपाक्याला बाहेर काढून स्वतः गाळत बसलेल्या, डाव्या हाताने. अर्धाच ड्रम भरलाय. गाठ बांधू का म्हटलं तर मलाच शिवी दिली."

शिवी दिलीस हे ऐकून फार बरं वाटलं.

आणि मग फार वाईट वाटलं, ताई. महिनाभर तू त्या खुर्चीत बसलीस, आणि मी इथे तुझं तेल न तपासता ओतत होते. मी येऊ नये म्हणून तू रेडिओला शपथ घातलीस. तुला वाटलं, मी दया दाखवायला येईन. मला तुझा राग आलाय. इतका, की आज टाकी घासताना ब्रशच मोडला, आणि तो जुनाच होता असं मी काकांना सांगितलंय.

तुझ्या अर्ध्या ड्रममधलं तेल मी तपासलं. रीत मोडली. स्वच्छ आहे. पाण्याचा थेंब नाही. गाठ मी सोडली नाही, फडकं कडेने सरकवून तेल काढलं.

मग साहेबांकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून वही पुढे ओढली. म्हणाले, लाल पट्टी मारावी लागेल, नियम आहे. मी म्हटलं, मारा, पण महिन्याने पुन्हा तपासा, तेव्हा तो ड्रम मी भरलेला असेल. महिन्याची रजा मागितली, बिनपगारी मिळाली. परत आल्यावर टाक्याच घासायच्या आहेत. घासेन. आत्ता मला कशाचंच ओझं वाटत नाही, फक्त झोप येते आहे.

पट्टी बसली की गाडी तिकडे येणार नाही. पण तुझा रिकामा ड्रम परत करायला रेडिओ उद्या एक खेप करणार आहे. त्याच्या शेजारी बसून मीही येते. पत्र मीच आणतेय म्हणजे, काय मूर्ख बाई आहे मी. तरी वाच. समोर आल्यावर मला यातलं काही बोलता येणार नाही, आणि तुझं अडखळतं म्हणतात.

स्वयंपाक्याला आजच हिशेब देऊन टाक. कढई मी धरीन. तू खुर्चीतून ओरड, जमेल तेवढ्या मोठ्याने. तेल उतरलं की "बारके, खाली घे" एवढं म्हणालीस तरी मला कळेल. आईची गाठ मी तुझ्या डाव्या हाताला शिकवीन. नाही जमली तर दातांचीच राहू दे, मला ती चालते.

एवढंच मागते. ड्रम भरून परत पाठवत जा. मला दारातून परत पाठवू नकोस.

तुझ्या कढईची कधीच लाज न वाटलेली,
बारकी