खालची बाजू

६ जानेवारी, मंगळवार

डोळ्यांना काहीही झालेलं नाही! डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पापण्या मिटायला विसरता, बस एवढंच." दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्यांचं असं होतं म्हणे. औषध म्हणून थेंब दिले. आणि वर — "हाताने करायचं काहीतरी शोधा. वीज न लागणारं. घरी कोणी आहे का, मधूनमधून आठवण करून द्यायला? पापण्यांची?"

आहे, म्हटलं. कशाला सांगत बसायचं.

८ जानेवारी, गुरुवार

कॉम्प्युटरपासून लांब नेणारे छंद शोधले — कॉम्प्युटरवर. अख्खी संध्याकाळ. विणकाम, कुंड्या, मातीची भांडी, जुनी घड्याळं. एक पान तर इतकं आवडलं की बायकोला पाठवायला बोट गेलं. मग हात मागे घेतला.

ती गेल्यापासून तिच्या खोलीचं दार मी लावून घेतलेलं नाही. उघडंही ठेवलेलं नाही. अर्धवट आहे. आम्ही दोघं घरूनच काम करायचो, ती त्या खोलीत, मी या. मध्ये एक भिंत, आणि भिंतीतून मेसेज. "चहा?" "हो." "दारात ठेव, मीटिंग आहे." वर्षं गेली अशी. भांडण म्हणावं असं एकही नाही. ऑक्टोबरमध्ये भावाकडे जाताना म्हणाली, "आपण एका घरात राहत नाही रे. शेजारी राहतो."

११ जानेवारी, रविवार

वाचनालयाच्या तळघरात सुतारकामाचा वर्ग भरतो, रविवारी सकाळी. शिकवतात त्या बाई निवृत्त दंतवैद्य. पांढरा कोट तोच, खिशात पेन्सिल. म्हणाल्या, "जन्मभर दात कोरले. आता लाकूड कोरते. लाकूड ओरडत नाही, आणि नंतर बिलावरून वादही घालत नाही."

सगळ्यांना विचारलं, काय बनवणार? बहुतेकांना स्टूल हवं होतं. शेजारच्या आकडेमोड्याला — अकाउंटंट आहे — पक्ष्यांचं घर. मी म्हटलं, टेबल.

"कसलं?"

"जेवायचं. दोघांचं."

आमच्याकडे ते कधी नव्हतंच. आपापल्या खोलीत, कीबोर्ड बाजूला सारून जेवायचो.

"नाव काय तुमचं? राहू दे, विसरेन मी. काम काय करता?"

ॲपच्या स्क्रीन आखतो, म्हटलं. बटण कुठे, अक्षरं केवढी.

"बरं. मग तुम्ही कॉम्प्युटर."

वर्गात आता तेच नाव पडलंय.

१४ जानेवारी, बुधवार

टेबलाचा आराखडा स्क्रीनवर काढला. मिलीमीटरपर्यंत. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. सुरेख! फळी किती लागेल त्याचा हिशेब केला, इंचभरही वाया जाणार नाही असा.

दोन खुर्च्यांची चित्रंही टाकली. मग एक पुसली. मग परत टाकली.

१८ जानेवारी, रविवार

सगळे तुकडे तोकडे!

आखणी बरोबर होती. माप बरोबर होतं. फळीवर एकापुढे एक खुणा केल्या, प्रत्येक रेषेवर बरोब्बर करवत चालवली. जोडायला घेतलं तर काहीच कशाला पुरेना. दंतवैद्यबाईंनी एक तुकडा उचलला, माझ्या रेषा पाहिल्या आणि जमिनीवरच्या भुशाकडे बोट दाखवलं.

"घोडं इथे पेंड खातंय. हा भुसा कुठून आला?"

"कापल्यावर पडला."

"म्हणजे तो आधी फळीत होता ना, कॉम्प्युटर? करवतीला जाडी असते. दर कापणीला ती आपला घास घेते. तुमच्या रेषेला जाडीच नाही."

खरं आहे. माझ्या कामात रेषेला जाडी नसते. दोन गोष्टी वेगळ्या केल्या तरी कुणाचं काही कमी होत नाही.

आकडेमोड्या म्हणाला, "आमच्यात याला घट म्हणतात. आधी धरावी लागते." एवढं बोलून आपल्या पक्ष्यांच्या घरावर ठोकू लागला. त्याचं भोक इतकं मोठं झालंय की मांजरही आत बसेल.

आता टेबल लहान होणार.

२२ जानेवारी, गुरुवार

तिचा मेसेज. "१ मार्चला रविवार आहे. दादाचा टेम्पो मोकळा आहे. उरलेलं सामान घेऊन जाते. चालेल?"

बरंच काही टाइप केलं. पुसलं. पुन्हा केलं. पुन्हा पुसलं. पलीकडे तिला दिसत असणार, मी लिहितोय म्हणून. शेवटी पाठवलं —

"चालेल."

२५ जानेवारी, रविवार

बाईंना विचारलं, मार्चच्या आत होईल का?

"कोणी येणार आहे?"

"बायको."

"जेवायला?"

"सामान न्यायला."

बाईंनी माझ्या हातातला रंधा काढून घेतला, पातं नीट बसवलं, परत दिला. दात उपटण्याआधी पेशंटशी बोलू नये हे त्यांना सवयीने कळत असावं.

१ फेब्रुवारी, रविवार

पटाशी घसरली. वरच्या फळीच्या कोपऱ्याची ढलपी उडाली. आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं हवेत आपोआप हलली — झालेलं परत फिरवायला, कीबोर्डवर हलतात तशी! कुणी पाहिलं नाही. ढलपी खाली तशीच पडून होती. उचलून खिशात ठेवली.

सरसाने चिकटवली. दिसते. दिसू दे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तळहाताला फोड. टाइप करताना दुखतो. आजची दिवसभरातली एकच गोष्ट जिचा मला स्पर्श झाला असं वाटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आईचा फोन. "तू फोन का करत नाहीस तिला? तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयेस?"

मेसेज करतो की, म्हटलं.

"मेसेज म्हणजे काय बोलणं झालं? मी तुला मेसेजवर वाढवलं का?"

१५ फेब्रुवारी, रविवार

वरची फळी झाली. रंधा, मग पॉलिश पेपर — जाड, मग बारीक. हात फिरवला तर काचच. बाईंनीही फिरवला. मग वाकून तोच हात खालून फिरवला आणि झटकन काढला.

"इथे?"

"ती खालची बाजू आहे. दिसत नाही."

"दिसत नाही, पण लागते. माणूस बसला की बोटं खाली जातात. जगात सगळ्यांचीच."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. स्क्रीनला खालची बाजू नसते. बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी ते करा, मग न्या. पण पुढच्या रविवारी पॉलिश द्यायचं होतं, ते वाळायला हवं होतं. मी हो म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पॉलिश. खालची बाजू राहिली. सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

टेबल घरी आणलं. जिन्यात एकट्याने वळवता येईना. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी एक टोक धरलं, धापा टाकत म्हणाले, "सूनबाई खूश होतील हो!"

होतील, म्हटलं.

घट गेल्यावर उरलं ते इतकं: दोन ताटं मावतात, मध्ये एक भांडं. समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागेल. लॅपटॉप ठेवून पाहिला. मावत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

टेबलावर जेवलो. समोर खुर्ची ठेवली होती. मग उचलून भिंतीला लावली. मग कपडे टाकले तिच्यावर.

१ मार्च, रविवार

आली. केस कापलेत. मेव्हणा मागून दोऱ्या घेऊन. त्याला बिचाऱ्याला कुठे बघावं कळत नव्हतं. "भावोजी, शिलाई मशीन त्या बाजूने धरता का? कसलं वजन आहे हो! हिने काय हत्तीचे कपडे शिवले काय?"

कुणी हसलं नाही. सगळं खाली गेलं. मशीन, पुस्तकं, शिवणाचा डबा, हिवाळ्याचे कपडे. तिची खोली एकदम मोठी झाली.

निघताना टेबलापाशी थांबली.

"हे कधी घेतलंस?"

"घेतलं नाही. केलं."

"तू? तुला बल्ब बदलता येत नाही."

"येतो आता." (येत नाही.)

कपडे बाजूला करून खुर्ची ओढली आणि बसली. चिकटवलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. "हे काय झालं?" "पटाशी घसरली." "लहानच केलंस." "करवतीने खाल्लं." तिला काही कळलं नाही. मला आराखडा, रेषा, भुसा, सगळं सांगायचं होतं. तेवढ्यात तिची बोटं खाली गेली —

"आई गं!"

लाकडाची बारीक कूस घुसली. तर्जनीत, खोल. बाईंनी सांगितलं होतं!

सुई तिच्या डब्यात, डबा टेम्पोत. धावत खाली गेलो. मेव्हण्याने बांधलेली दोरी पुन्हा सोडली. "आता काय राहिलं, भावोजी?" "सुई." "सुई?!"

खिडकीशी उजेड होता. तिचा हात धरला. किती काळाने, आठवेना. कूस तुटत होती, निघत नव्हती. मी वाकून बघत होतो. ती माझ्याकडे बघत असावी, कारण म्हणाली, "पापणी हलत नाहीये तुझी. मिट जरा. मिट ना."

मिटली.

थोडी निघाली. म्हणाली, झालं. खालून हॉर्न वाजला. गेली.

२ मार्च, सोमवार

तिच्या खोलीचं दार लावलं. काही बदललं नाही. पॉलिश पेपर आणला. टेबल उलटं केलं, खालची बाजू घासायला घेतली. एका टोकापासून. काम सावकाश चाललंय. घाई कसली?

४ मार्च, बुधवार

घासत होतो. फोन वाजला. मेसेज नाही — फोन.

"बोटात थोडी राहिलीये रे. टोचते."

डॉक्टरकडे जा, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. "ये," म्हटलं.

तिचा श्वास ऐकू येत होता. मग, "सुई आहे?"

"आहे. तुझ्या डब्यात परत ठेवलीच नव्हती."

"जेवून येऊ?"

"नको."

पॉलिश पेपर हातात होता. तिच्या बाजूची तेवढी जागा उरली आहे, जिथली कूस तिला लागली. घासली नाही.