मुंग्याच असतील ना?

मंगळवार, संध्याकाळ

उंबऱ्याच्या फटीतून आज काळे, पंखवाले किडे निघाले. गेल्या वर्षी गांधीलमाशी चावून नातीचा श्वास अडकला होता, म्हणून सून लगेच तिला घेऊन माहेरी दारासुरमला निघाली. "अम्मा, तुमच्या रांगोळीतलं तांदळाचं पीठ खायलाच येतात हे सगळे!"

मी अडवलं. "मुंग्याच आहेत," म्हटलं. मग मिशा पाहिल्या. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, एवढंच मला ठाऊक. या तर जवळजवळ सरळ. काय बोलून बसले मी?

पुस्तक काढलं. नर मुंगीच्या मिशा फारशा वाकत नाहीत. डोकं लहान, डोळे मोठे, म्हणून गांधीलमाशीसारखा दिसतो. कमरेवरची गाठ बघावी; ती मुंगीला असते, गांधीलमाशीला नाही. नराला नांगी नसते. चष्मा लावूनही गाठ धड दिसेना, आणि त्या सरळ मिशा मनातून जाईनात.

शेवटी, नांगी मारतो का बघायला, एक किडा मुठीत धरला. नुसते पंख फडफडले. तरी खात्री पटेना. दुसरा धरला.

"अम्मा, वेड लागलं का? चावला असता तर?" सून ओरडली. माझा हात ओढून घेतला, उलटसुलट पाहत राहिली, सोडेचना.

हे गेल्यापासून कुणी असा हात धरला नव्हता.