पाचनंतर शाळेत कोणी थांबत नाही

सोमवार, ८ फेब्रुवारी
सकाळी चार तास घेतले. दुपारी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. नव्या माहितीपत्रकासाठी शाळेचा परिचय हवा आहे, एक पान. भाषेच्या बाई रजेवर. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही इथले सगळ्यात जुने. तेवढंच मनही रमेल." माझं मन व्यवस्थित आहे. तसं सांगितलं. शुक्रवारपर्यंत देतो म्हणालो. गुरुवारीच देईन. एक पान ते काय!
लिहायला वरच्या मजल्यावर केमिस्ट्री लॅबमध्ये बसलो. तिथली खुर्ची पाठीला बरी पडते. आमची ही तिथे शिकवायची, पण त्याचा काही संबंध नाही.

मंगळवार, ९ फेब्रुवारी
सुरुवात झाली. "आमची शाळा ही कॉलेजप्रवेशाची तयारी करून घेणारी खासगी डे स्कूल आहे. मुलं सकाळी आठला येतात. पाचनंतर शाळेत कोणी थांबत नाही." शेवटचं वाक्य झकास जमलं. ते जमेपर्यंत साडेसहा झाले. वॉचमन मामा किल्ल्या वाजवत वर आले. म्हणाले, "सर, वसतिगृह काढायचं ठरलं असेल तर सांगा, गादी आणून टाकतो."
फाटकाशी पुन्हा ओरडले, "सर, पाटी!" तिथल्या फळ्यावर स्टाफच्या नावाच्या पाट्या टांगलेल्या असतात. एका बाजूला 'आत', दुसऱ्या बाजूला 'बाहेर'. जाताना आपली उलटवायची. मी शिस्तीचा माणूस आहे. पण इतकी वर्षं मी स्कूटर काढायचो आणि ही दोघांच्या पाट्या उलटवायची. सवय नाही, इतकंच.
डिसेंबरात ही शाळेतूनच हॉस्पिटलात गेली आणि तिथेच संपली. तिची पाटी 'आत'च राहिली आहे. कोणीतरी बघायला हवं. ऑफिसचं काम आहे ते.

गुरुवार, ११ फेब्रुवारी
परिचय वाढतो आहे. आज देणं जमलं नाही. घाईचं काम मला आवडत नाही.
संकल्प: सकाळी फिरणे. रात्रीचा बाहेरचा डबा बंद करून स्वयंपाक घरी करणे.
ताईचा फोन. "जेवलास का?" हो म्हणालो. "काय केलं होतंस?" भाजी. "कसली?" याची तयारी नव्हती. हिरवी, म्हणालो. ताई म्हणाली, "अरे, लहानपणी खोटं बोलता आलं नाही, आता या वयात कशाला शिकतोस?" आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.
संकल्प उद्यापासून.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी
परिचय दिला. मैदानाला एक ओळ, लायब्ररीला एक, कॉलेजप्रवेशाला अर्धी. उरलेली तीन पानं लॅबची. लॅब महत्त्वाचीच असते.
मॅडमनी सावकाश वाचलं. "एखादं मूल गॉगल विसरलं तर बाई आपला काढून देतात आणि स्वतः लांब उभ्या राहून डोळे बारीक करून बघतात," इथे थांबल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, "सर, नव्या पालकांना या बाई लॅबमध्ये भेटणार आहेत का?" मी म्हणालो, जरा आटोपशीर करतो. त्या म्हणाल्या, "राहू दे, मी बघते. सोमवारी केमिस्ट्रीच्या नव्या बाई येतायत. तुम्ही घरी जा. खरंच घरी जा."
पाठीसाठी थोडा वेळ लॅबमध्ये बसलो, मग गेलो.

सोमवार, १५ फेब्रुवारी
नव्या बाई आल्या. तरुण आहेत, चटपटीत आहेत. दारामागचा पांढरा कोट दाखवून म्हणाल्या, "सर, हा कोणाचा?" माझा, म्हणालो. घालून दाखवला. बाह्या कोपराच्या जरा खाली. त्या हसल्या नाहीत. नीट घडी करून हातात दिला.
स्टाफरूममध्ये बसलो. तिथली खुर्ची अगदी वाईट.

मंगळवार, १६ फेब्रुवारी
माहितीपत्रक छापायला गेलं. परिचय मॅडमनी लिहिला. माझं एकच वाक्य ठेवलं आहे. पाचनंतरचं.
संध्याकाळी फाटकाशी मामा उभे होते. म्हणाले, "सर, एकही पाटी आत असली तर कुलूप लावायचं नाही, हा नियम. डिसेंबरपासून रोज मोडतोय. ऑफिसवाले बाईंची पाटी काढायला आले होते. मी म्हटलं, हात लावू नका, सर करतील."
उद्या करतो, म्हणालो. मामांनी किल्ल्या वाजवल्या नाहीत.
माझी उलटवली. मग हिची. तिची दोरी गुंतली होती, वेळ लागला. ती दोन्ही एका हाताने करायची.
मामांनी कुलूप लावलं.
घरी आलो. पिशवीतला पांढरा कोट खुंटीला लावला. डबा धुतला आणि पालथा घातला.