आईची गाठ साधी निघाली

मुखरूभाऊ,

घराले कुलूप पाहून घाबरू नको, आई बरी आहे. नागपूरच्या डॉक्टरनं पोट उघडून पाह्यलं, तं लिव्हरवरची गाठ कॅन्सरची नाई, रक्ताच्या नसांची साधी गाठ निघाली. फक्त पोटाले जोराचा मार लागला तं ती फुटून आत रक्त वाहू शकते, म्हून मारका गोऱ्हा दूर बांध.

टाके सुकल्यावर आई म्हणाली, "मी मरत नाई म्हणतेत, तं मुखरूचं लगन आता अडवाचं काऊन?" तुनं वच्छलेचं नाव कधी घेतलं नाई, पण मले ठाऊक होतं. मी सांगून टाकलं. आम्ही आरमोरीले तिच्याच घरी मागणी घालाले चाललो. आई दारात उभी राहून घाई करून राह्यली.

चाबी शेजारच्या काकूपाशी आहे. आंघोळ कर, धुतलेला सदरा घाल अन् मागंच ये.

तुही बहीण,
चंदा