शांताचं घर वर सरकतंय

९ सप्टें.
कालव्याच्या मोजणीतली जुनी दुर्बीण पडवीत तिपाईवर चढवली. लांबचं जवळ दाखवते, पण तिचं खरं काम भिंगातल्या आडव्या तारेचं. वरच्या काचनळीतला बुडबुडा मध्यावर आणला की तारेवर येईल ते आपल्या पातळीत. ओढ्यापल्याड धाकट्या बहिणीचं, शांताचं घर. एकटीच असते. तिच्या मागच्या उतारावर भेग पडलीय. तार बरोबर उंबऱ्यावर धरली. घर घसरलं तर उंबरा तारेखाली जाईल. मग तिचं काही ऐकायचं नाही, इकडे आणायचं.
जुनी खोड, दुसरी खूण हवीच; देवळाकडेही फिरवली. तार दीपमाळेच्या कट्ट्यावर.

११ सप्टें.
हिच्यात सगळं उलटं दिसतं. आभाळ खाली, शांता डोक्यावर उभी राहून अंगण झाडतेय. हिशेब मनात सरळ करायचा. केला. दोनदा. उंबरा खाली नाही, वर गेलाय. तार आता त्याच्या खालच्या जोत्याच्या दगडावर.
घर डोंगर कसं चढेल?

१२ सप्टें.
भिंग पुसलं. डोळा वरखाली करून पाहिला, तार जोत्यावरून हलत नाही. म्हणजे दोष डोळ्यात नाही. बुडबुडा मात्र रोज सकाळी सरकलेला. रोज मध्यावर आणतो. उंबरा आणखी वर.
शांताला फोन. "घर चढतंय व्हय? दादा, आदी मोतीबिंदू काढ तुजा!" हसली. मग हळूच, "रातच्याला दगड बोलत्यात रं. आवाज तुज्या घराच्या अंगानं येतोय जनू."
प्रतिध्वनी असतो तो, म्हटलं. माझं जोतं पक्कं आहे, तू ये. रविवारी येते म्हणाली, सामान घेऊन.
शाळेतल्या कवितांचे डोंगर कसे निळे, जागच्या जागी. अजून म्हणतो एकेक, आंघोळ करताना. आज मधेच ओळ सुटली.

१४ सप्टें., रवि.
पडवीचं दार उघडेना. खांदा लावला तेव्हा चौकट कण्हली.
दुर्बीण देवळाकडे वळवली. कातळावरचं देऊळ ते. कट्टा वर गेलाय. उंबऱ्याइतकाच.
ती दोन्ही एकाच मापाने चढणार नाहीत. म्हणजे खाली जातोय तो दुर्बिणीवाला. पडवी, चूल, मी
शांताचा फोन लागत नाही. पुन्हा भिंगाला डोळा. दारात उलटा टेम्पो, त्यात तिची कॉट, ट्रंक. कुलूप लावतेय. अंगणात धावलो, दोन्ही हात हलवले, नको, नको. परत येऊन पाहिलं तर तीही हात हलवतेय. आनंदाने. बोलावतोय असंच वाटलं असणार.
टेम्पो निघाला. पुलावर गाठायला हवं. तिला काय सांगू? माघारी फिर, आणि मलाही घेऊन चल?