हनामावशीची चौकट

२९ ऑगस्ट ९६, पेण
रोह्याच्या मंडळाचा गणपती झाला. उजवा हात असा पसरलाय की बघतच राहावं. मग कारखान्याचं दार मोजलं. दार साडेतीन फूट रुंद, देव हातासकट चार. एवढा जुना कारागीर मी! बायको हसून बेजार.
सुतार म्हणतो, चौकटीचा उजवा खांब काढू, तासाचं काम. नेमकी त्याच खांबावर मागच्या खोलीतल्या हनामावशीची तिरपी ठोकलेली नळी.

३० ऑगस्ट
ही इमारत म्हणजे बेने इस्रायलींचं, आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, जुनं अनाथालय. बांधणाऱ्याला दंडवत! खिडक्या मुद्दाम बुटक्या, पोरांना रस्ता दिसावा म्हणून. त्याच उजेडात मी मूर्तींचे डोळे आखतो. असा उजेड अख्ख्या पेणात नाही. पोरांच्या हाताला येतील अशा खुंट्या अजून भिंतीवर आहेत.
मावशी इथेच वाढली. पाच वर्षांची असताना रोह्याहून आली. बाकीचे इस्रायलला गेले, ती मागच्या खोलीत राहिली. नळीत तिच्या देवाचं नाव लिहिलेलं कातडं. जाता-येता बोटं लावते, ओठांना टेकवते. दसऱ्याला कुणी नळीला हळदकुंकू वाहिलं, तर मावशीने पदराने पुसलं. "माझ्या देवाला रंग चालत नाय रे." बस.

३१ ऑगस्ट, शनिवार
मावशीचा शनिवार, तिच्या देवाचा सुट्टीचा वार. चूलसुद्धा पेटत नाही. कामाचं बोलणं नको म्हणून सुताराला परत पाठवलं. खरं तर माझीच जीभ रेटेना.

१ सप्टें.
सांगितलं. म्हणाली, "काप. या दारातून एवढी पोरां गेली, कोन अडला नाय. तुझा देव कशाला अडवू?" स्वतःच नळीचे खिळे काढायला लागली. एक गंजलेला खिळा निघेना, तर नखांनी उकरू लागली.
मला बघवेना. गणपतीच्या डोळ्यांवर फडकं टाकलं, करवत घेतली नि उजवा हात खांद्यातून उतरवला. रोह्यात जोडीन.
मावशी भडकली. "माझ्यापायी देवाचा हात कापलास?"

३ सप्टें.
मूर्ती निघाली. मावशीही टेम्पोत, मांडीवर तो हात. तिच्या धर्मात मूर्ती वर्ज्य. "मूर्ती नाय, हात हाय. धरते." रोह्याच्या अलीकडचं निडी गाव मागे पडल्यावर एकेक घर निरखू लागली. लहानपणी आली ती रोह्याला परत गेलीच नव्हती.
हात जोडला. सांधा टिकतो का, बाप्पालाच ठाऊक.
परतताना तिने एका गल्लीत टेम्पो थांबवला. बंद घर. चौकटीवर खिळ्यांची दोन भोकं, मधे तिच्या नळीएवढा तिरपा फिकट पट्टा. मावशीने त्यावर बोटं ठेवली, ओठांना लावली. मी दुसरीकडे बघत राहिलो.
"सांधा बघाय परत कदी येशील?"
"शनिवारी."
"रविवारी ये. मी पन येते."