रेड्याचे पुढचे ब्रेक

१० एप्रिल २०१६, रविवार

आज आम्ही एका अनोळखी लग्नात गाडीसकट घुसलो.

दौलताबादहून बद्रीनाथमामाच्या विहिरीचं पाणी भरून येत होतो. मागं हजार लिटरची काळी टाकी, पुढं स्टेअरिंगवर अप्पा आणि शेजारी मी. पडेगावला रस्त्याकडंला एक नवीन लॉन झालंय — मागच्या वर्षी तिथं ज्वारी होती. रस्ता वळला. रेडा वळला नाही. सरळ फुलांच्या कमानीतून आत. अगदी सावकाश, पण आत. सनईवाला वाजवतच राहिला. स्टेजच्या वीतभर अलीकडं थांबलो.

रेडा म्हणजे आमची पिकअप. १९७४ ची. अप्पांनी रिटायर झाल्यावर लष्कराच्या छावणीतून घेतली. नाव आईनं ठेवलंय.

मंडळींना वाटलं, लग्नघरासाठी पाणी आलं. नवरीच्या मामानं अप्पांना फेटा बांधला. "टायमावर आलात," म्हणाला. अर्धी टाकी पाणी दिलं, जेवलो, आहेराचं शर्टपीस घेतलं आणि निघालो.

गाडीत बसल्यावर अप्पा म्हणाले, "ब्रेक नाय लागले. माझी चूक नाय."

११ एप्रिल

नळाला पाणी नाही, आज सातवा दिवस. गल्लीतली अकरा घरं रेड्यावर अवलंबून. समोरच्या दगडाबाईंनी विचारलं, अर्धी टाकी कुठं गेली? आई म्हणाली, "लग्नाला."

१७ एप्रिल, रविवार



किल्ल्याजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो. एका वेळी एकच गाडी मावते. दरवाजाच्या सावलीत मेंढरं होती. वीस-पंचवीस तरी. मी ओरडले तेव्हा अप्पांनी पाय दाबला. मागचं पाणी पुढं ढकलत होतं. रेडा घसरत गेला आणि थांबला तेव्हा एक मेंढरू बंपरखाली होतं.

जिवंत होतं. मेंढपाळ म्हातारा होता. शिवी नाही, काही नाही. त्यानं ते ओढून काढलं, पाय चाचपून पाहिले, खांद्यावर घेतलं आणि अप्पांकडं नुसतं बघत राहिला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

आई मेंढपाळांच्या घरातली. तिला घरी आल्यावर सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "त्याच्या जागी पोरगं असतं तर? उद्यापासून पाणी बंद."

अप्पा म्हणाले, "पाणी बंद नाय करायचं. ब्रेक बदलतो."

एकतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी. एकही अपघात नाही. आज जेवले नाहीत.

१९ एप्रिल

कडुबा मिस्त्री घरी येऊन रेड्याला बघून गेले. छावणीत त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी गल्लीत एक चक्कर मारली, उतरले आणि म्हणाले, "ब्रेक लागतेत. पण थांबायच्या आधी ही गाडी जरा इचार करती."

मग सांगितलं — पुढच्या चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत, ते काढायचे. भंगारातल्या नव्या जातीच्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवायचे. चाकाबरोबर लोखंडी थाळी फिरते आणि दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमट्यात धरतात. "मग हजार लिटर काय, दोन हजार लिटर थांबवा."

अप्पांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मी म्हणतच होतो. दोष गाडीतच आहे."

२४ एप्रिल, रविवार

मी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांचे पार्ट नाकारते. आज घरचे नाकारले. डिस्क बसली, पॅड धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर बसलं, चाक काही बसेना — कॅलिपर रिमला घासतंय. व्हर्निअर लावून मोजलं. साडेतीन मिलिमीटर!

कडुबा म्हणाले, "ताई, हातोडी मारू का?" मी म्हणाले, नका मारू.

२६ एप्रिल

पुढं मोठी चाकं लावली. मागची जुनीच. रेडा आता आकाशाकडं बघत उभाय. आई म्हणाली, "आता हा शिंगं मारंल."

१ मे, रविवार

आज ब्रेकच्या नळीतली हवा काढली. एकानं पेडल दाबायचं, धरून ठेवायचं. दुसऱ्यानं चाकाजवळचा नट ढिला करून हवा सोडायची. कडुबा चाकापाशी, मी बाटली धरून. पेडलवर आईला बसवलं, कारण अप्पा आणि कडुबांचं सकाळीच वाजलं होतं. (त्याबद्दल खाली.)

कडुबा ओरडायचे — "दाबा! जोर लावा! धरा, धरा, सोडू नका!" आई आतून कण्हायची. मग कडुबा म्हणायचे, "आलं, आलं, थोडंच राहिलं!"

पंधरा मिनिटांनी दगडाबाई गरम पाण्याचं पातेलं आणि जुनी लुगडी घेऊन धावत आल्या. "कोण बाळंत होतंय?"

आईनं खिडकीतून डोकं काढलं. "रेडा."

मी हसून हसून रस्त्यावरच बसले. बाटलीतलं ब्रेक ऑइल सांडलं, परत पहिल्यापासून सगळं.

वाजलं ते असं. डावीकडचे पॅड अप्पांनी स्वतः बसवले होते. चाक फिरवलं तर असा आवाज, की दोन गल्ल्यांतली कुत्री जमली. कडुबांनी उघडून पाहिलं. एक पॅड उलटा. लोखंडी बाजू डिस्ककडं! कडुबा हसले. "एसटीत असंच बसवायचे का, अप्पा?" अप्पा उठून आत गेले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. मीही हसले होते. हसायला नको होतं.

८ मे, रविवार

पहिली खेप. किल्ल्यापासून मी डॅशबोर्ड घट्ट धरून बसलेली. काही झालं नाही. उतारावर पाय ठेवला की रेडा जागच्या जागी. अप्पा गाणं गुणगुणत होते.

गल्लीत शिरलो. हंडे-कळशांची रांग लागलेली. अप्पा आले त्या वेगात आले आणि रांगेच्या दोन हातांवर कचकन ब्रेक मारला. रेडा थांबला. पाणी थांबलं नाही. टाकीचं झाकण उडालं आणि दोनेकशे लिटर पाणी केबिनवरून पुढं, थेट दगडाबाईंवर. त्यांच्याबरोबर त्यांचे व्याही उभे होते, पहिल्यांदाच घरी आलेले, पांढरं धोतर, टोपी.

व्याह्यांनी तोंडावरनं हात फिरवला. म्हणाले, "आमच्याकडं जानेवारीपासून अशी आंघोळ नाय."

गल्ली इतकी हसली! अप्पाही हसले. "बघा, कसा थांबला!"

मला एक कळत नाही. रांग गल्लीच्या तोंडापासून दिसत होती. इतक्या उशिरा ब्रेक कशाला?

१५ मे

आज मिटमिट्याजवळ अप्पांनी मोकळ्या रस्त्यात कचकन ब्रेक मारला. टाकी रिकामी होती म्हणून बरं.

"काय झालं?"

"म्हैस."

म्हैस नव्हती. रस्त्याच्या कडंला नव्या कॉलनीच्या नालीसाठी काळे पाइप टाकलेत. मग थोडं पुढं एक ट्रॅक्टर उभा होता, लालभडक. मी बघत राहिले. अप्पांचा पाय ब्रेककडं गेलाच नाही. मी म्हणाले, "अप्पा, ट्रॅक्टर." तेव्हा गेला. थांबलो. छान थांबलो.



१८ मे

कडुबांच्या गॅरेजवर गेले, कंपनीतून परस्पर. रेड्याचे काढलेले ड्रम आणि त्यांना आतून घासणारे शू मागून घेतले. शूवरच्या लायनरची जाडी मोजली. ड्रमची आतली गोलाई मोजली. कडुबा चहा पीत बघत होते.

"काय निघालं, ताई?"

जुने होते, पण नाकारण्यासारखं काही नव्हतं. मी असा पार्ट पास केला असता.

कडुबांनी कप खाली ठेवला. "मला त्या दिवशीच वाटलं होतं. पण अप्पांना तोंडावर कसं सांगावं?"

२० मे

आईला सांगितलं. ती म्हणाली, "दोन महिने झाले, तांदळातले खडे त्यांना दिसत नाहीत. मला वाटलं, मुद्दाम करतेत. निवडायला नको म्हणून."

आम्ही दोघी हसलो. मग आई पदरानं डोळे पुसत बसली.

२२ मे, रविवार

अप्पांना म्हणाले, डोळे दाखवून येऊ. म्हणाले, "चांगला ब्रेक लागतोय की आता." पुन्हा म्हणाले, "आता तर चांगला लागतोय." मी चावी मागितली नाही. तेच उठले, चप्पल घातली आणि बाहेर जाऊन रेड्यात डाव्या बाजूच्या सीटवर बसले.

२४ मे

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? अप्पा म्हणाले, "रिटायर व्हायच्या एक वर्ष आधीपासून." म्हणजे एसटीचं ते शेवटचं वर्ष, पन्नास-पन्नास माणसं मागं बसवून.

येताना मी चालवली. सगळा रस्ता, काय काय दिसतंय ते त्यांना सांगत आले.